अशक्य गोष्टींचाही हिशेब लागावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

३१ वर्षं गणित शिकवल्यामुळे कादंबरी वाचतानाही माझ्या हातात पेन्सिल असते. गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. काही आठवडे वाचन बंद होतं, तेव्हा माझी १४ वर्षांची नात रोज संध्याकाळी मला वाचून दाखवायला बसायची. पुस्तकं अर्थातच तिच्या आवडीची: जादूगार, ड्रॅगन, देव, शाप. डोळे बरे झाल्यावर तीच पुस्तकं मी स्वतः पुन्हा वाचली, मग आणखी मिळवली. वर्षभरात २३ झाली. अद्भुतकथा म्हणजे वास्तवापासून पळ काढणाऱ्यांचं वाचन, असं मी पूर्वी बिनदिक्कत म्हणत असे. ते मत मी मागे घेते. पण या २३ मधली बरीच पुस्तकं मला पटली नाहीत, आणि ती का पटली नाहीत हे मांडावंसं वाटतं.

भूमितीत गृहीतक कुठलंही घेता येतं, पण एकदा घेतलं की सिद्धतेच्या शेवटच्या ओळीपर्यंत ते पाळावं लागतं. अद्भुतकथेच्या लेखकाकडून माझी तेवढीच अपेक्षा आहे. माणूस डुक्कर होतो म्हणा, मी मान्य करते. पण मग कोणामुळे होतो, कधी होत नाही आणि त्याबदल्यात काय द्यावं लागतं, याचा हिशेब पुस्तकभर लागला पाहिजे.

हे मला प्रथम स्पष्ट दिसलं ते अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये. पुस्तक १९६८चं, म्हणजे माझ्या नातीच्या दृष्टीने फारच जुनं. या बेटांच्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरं नाव आहे आणि ते ठाऊक असलेल्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो, हे तिथल्या जादूच्या शाळेत शिकवलं जातं. गेड नावाचा हुशार, गर्विष्ठ मुलगा वर्गमित्राला हरवण्यासाठी मृतात्म्याला हाक मारतो. त्या फटीतून एक काळी सावली जगात शिरते. फट बुजवताना शाळेचे वृद्ध प्रमुख प्राण गमावतात आणि गेडच्या चेहऱ्यावर आयुष्यभराचे व्रण राहतात. पुढचं सगळं पुस्तक त्या एका संध्याकाळची भरपाई आहे. नात हे वाचत असताना मी डोळे मिटून ऐकत होते, आणि मला तर आपलं महाभारत आठवत होतं.

कारण आपल्या पुराणकथांमधली जादू अशीच काटेकोर आहे. कर्ण कवचकुंडलं देतो आणि इंद्राकडून शक्ती घेतो, पण ती एकदाच वापरता येते. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्च होते आणि त्या रात्री कर्णाचं मरण जवळ येतं. अर्जुनाला सोडलेलं अस्त्र मागे घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही, म्हणून त्याचं अस्त्र उत्तरेच्या गर्भाकडे वळतं. कच शुक्राचार्यांच्या पोटात असताना संजीवनी शिकतो, त्यांचं पोट फाडून बाहेर येतो आणि मग त्यांनाच जिवंत करतो. पुढे देवयानी शाप देते, की ही विद्या त्याला फळणार नाही, आणि कच उत्तर देतो, की तो ज्याला शिकवील त्याला ती फळेल. इतकी नेमकी अट घालणाऱ्या अज्ञात कथाकारांपुढे मी नतमस्तक आहे.

आणि म्हणूनच मला हल्लीच्या काही पौराणिक कादंबऱ्यांचं दुःख होतं. २३ पैकी चार पुस्तकांत अस्त्र म्हणजे क्षेपणास्त्र होतं, विमान म्हणजे विमानच होतं आणि शाप म्हणजे कुठलंतरी विष किंवा जनुकीय दोष होता. लेखकांना वाटतं की यामुळे कथा विश्वसनीय होते. माझ्या मते तिच्यातला कणाच निघून जातो. क्षेपणास्त्र कोणीही डागू शकतं. अस्त्राला सोडणाऱ्याची लायकी लागत होती, त्याची स्मृती आणि त्याचा संयम लागत होता. अश्वत्थाम्याच्या जागी बटण दाबणारा माणूस आणला, की अश्वत्थामा कोण होता या प्रश्नाला काही किंमतच उरत नाही.

दुसरी तक्रार वकिलीची. महाकाव्यातली दुर्लक्षित किंवा बदनाम व्यक्ती निवडायची आणि तिच्या वतीने कैफियत मांडायची, अशा कादंबऱ्या जगभर निघत आहेत. त्यात गैर काही नाही. पण वकील अशिलाला निर्दोष सोडवायच्या मागे लागला की बाकी सगळी पात्रं खुजी होतात. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति स्वतः बोलतो, देवयानी आणि शर्मिष्ठाही बोलतात, तरी लेखक ययातीला सोडवत नाही. त्याच्याच तोंडून त्याची घसरण आपल्याला कळते. एवढं धैर्य मला नव्या पुस्तकांत क्वचित दिसलं.

मॅडलिन मिलर यांच्या ‘सर्सी’वरून (२०१८) नातीचं आणि माझं चांगलंच वाजलं. ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात सर्सी ही जादूगारीण आल्यागेल्या खलाशांची डुकरं करते आणि तिचं कारण कवी सांगत नाही. कादंबरीत कारण आहे: तिच्यावर अत्याचार झाला आहे. नातीचं म्हणणं, कारण सांगितल्यामुळेच ती माणूस वाटते. माझं म्हणणं, होमरची सर्सी मला भीती घालते, ही मला कळते, आणि भीती हरवल्याची मला खंत आहे. तरीही हे पुस्तक मी दोनदा वाचलं, ते तिच्या श्रमांसाठी. वनस्पती ओळखणं, योग्य वेळी खुडणं, चुकणं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं. तिची जादू हे रोजचं कष्टाचं काम आहे. ती पानं माझ्या प्रतीत खुणांनी भरली आहेत.

सर्वांत जास्त आनंद मला सुझाना क्लार्क यांच्या ‘पिरानेसी’ने दिला (२०२०). एक अंत नसलेलं घर, दालनामागून दालन, सगळीकडे पुतळे. खालच्या मजल्यात समुद्र आहे, वरच्यात ढग. तिथे राहणारा माणूस भरतीची गणितं मांडतो, कोणत्या दालनात पाणी कधी चढेल याच्या नोंदी वह्यांमध्ये ठेवतो, कारण गणित चुकलं तर तो बुडेल. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की मोजणं ही एक प्रकारची माया आहे, नीट लक्ष दिल्याशिवाय मोजता येत नाही. ते एका अद्भुत कादंबरीत मला असं भेटेल याची कल्पना नव्हती. पुस्तक जेमतेम अडीचशे पानांचं आहे, हेही मला आवडलं. पहिल्या खंडात नकाशा, भाकीत आणि अनाथ मुलगा देऊन पुढचे पाच खंड विकत घ्यायला लावणाऱ्या मालिकांचा मला कंटाळा आला आहे.

आपल्या पुरवणीत वास्तववादी कादंबऱ्यांची दीर्घ परीक्षणं येतात, अद्भुतकथांना ‘बालकुमारांसाठी’ या शीर्षकाखाली चार ओळी मिळतात. माझी कळकळीची विनंती आहे की या पुस्तकांनाही तेवढ्याच कठोरपणे तपासावं. कथानक सांगण्यापेक्षा या जगाचे नियम काय, ते पाळले गेले का, मोडले तर कोणी किंमत मोजली, हे परीक्षकाने लिहावं. चांगल्या पुस्तकाची बाजू तपासणीत वरच राहील.

अर्थसी मालिकेतलं चौथं पुस्तक, ‘टेहानू’, ले ग्विन यांनी तिसऱ्यानंतर १८ वर्षांनी, १९९०मध्ये लिहिलं. त्यात गेडची सारी जादू संपलेली आहे आणि गोष्ट मध्यमवयीन विधवा टेनारची आहे, जिने भाजलेल्या एका मुलीला सांभाळलं आहे. स्वतःच उभारलेल्या जगात बायकांना जागा का नव्हती, हे लेखिकेने साठीच्या सुमारास स्वतःला विचारलेलं दिसतं. नातीने चाळीस पानांनंतर ते खाली ठेवलं, “यात जादूच नाही” म्हणाली. मी आग्रह केला नाही. माझ्या प्रतीतल्या पेन्सिलच्या सगळ्या खुणा मात्र खोडून ठेवल्या आहेत, पुढे कधी ती ते उघडेल तेव्हा तिला माझ्याशिवाय वाचता यावं म्हणून.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका