माळ्यावरचे अंक

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई लगेच जेवलीस का विचारते. म्हणून पत्र. साताऱ्याच्या घरी माळ्यावर अंकांचे जे गठ्ठे बांधून ठेवलेत, त्यातले काही मला हवे आहेत. रद्दीत घालायला नाही बाबा, आधीच सांगते.

इथे सांगलीत आम्ही कॉलनीतल्या काही जणी जुनी मासिकं गोळा करतोय. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रानाकडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. आईबाप पहाटेच फडात जातात आणि मोठी पोरं धाकट्यांना सांभाळत मागे राहतात. गावाकडची शाळा सुटलेली, इथल्या शाळेत जीव रमलेला नाही. त्या पोरांसाठी एक पेटी. दुसरी पेटी बायकांच्या साक्षरता वर्गाला. 'उल्लास' म्हणून जो कार्यक्रम 2022 पासून चालू आहे, पंधरा वर्षांवरच्यांना लिहा-वाचायला शिकवायचा, त्यातलाच हा वर्ग.

आवाहन केल्यावर घरोघरून काय आलं म्हणाल, तर जे त्या घरातही कुणी वाचत नव्हतं ते! स्पर्धा परीक्षांचे शिळे अंक, फुकट आलेल्या जाहिरातींच्या पुस्तिका, ओल लागून पानं चिकटलेले दिवाळी अंक. निवडता निवडता कंबर धरली. कसर लागलेला एक अंक आत गेला तर पेटीच वाया जाते, म्हणून आधी सगळं उन्हात पसरायचं, झटकायचं आणि मगच आत घ्यायचं. सोडवलेली शब्दकोडी बाद, प्रौढांचे चावट विनोद बाद. दानाची वस्तू असली तरी नाही म्हणायला शिकले मी.

आई, तुला एक सांगते, हसशील. वर्गातल्या एक आजी अक्षरं ओळखतात, पण वाचायला बसवलं की अंग चोरतात. त्यांच्यापुढे सहज एका अंकातलं पाककृतीचं पान ठेवलं. 'साहित्य' या शब्दावर अडखळल्या, पण पुढचं 'हरभऱ्याची डाळ', 'गूळ', 'वेलदोडा' भराभर सुटलं, कारण पुढे काय येणार ते त्यांना ठाऊकच होतं. अर्धं वाचून झालं आणि थांबून म्हणाल्या, "पुरण असं करत्यात व्हय? हिला कुणी शिकवलं?" छापलेल्याला चूक काढली बाईंनी! तेव्हापासून बोधकथा मी मागे ठेवते आणि पाककृती, कोडी, चुटके पुढे. जाड पुस्तक बघूनच माणूस दबतो. मासिकातलं एक पान संपलं की काहीतरी पुरं वाचल्याचं समाधान असतं.

बाबा, "आता सगळं मोबाइलवर असतं" हे तुमचं म्हणणं मला माहीत आहे. पण कोपीत मोबाइल एकच, तो बापाच्या खिशात, आणि हातात आलाच तर पोरं रील बघतात. उलट तुमच्या बाबतीत ते खरं आहे. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने 1971 च्या पहिल्या अंकापासून संकेतस्थळावर ठेवलेत. तेव्हा आमचे लहानपणचे 'किशोर' दिलेत तरी ते कुठे जात नाहीत, टॅबवर मी लावून देईन.

'चांदोबा' मात्र देऊ नका. तो आता निघत नाही, शिवाय तुम्ही बारा-बारा अंक एकत्र शिवून खंड केलेत. एका पोराने खंड नेला की बाकीची बघत बसणार. आणि आजीच्या ट्रंकेतले 'किर्लोस्कर', 'स्त्री' हे तर हलवायचेच नाहीत. 1920 साली या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीसारख्या आडगावातून शंकरराव किर्लोस्करांनी मासिक काढलं आणि ते घरोघर वाचलं गेलं, हे इथल्या मुलींना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. एखादा अंक दाखवायला नेईन आणि परत आणून देईन.

म्हणजे मला हवेत ते 'किशोर', आईचे पाककृतीचे अंक, आणि दिवाळी अंकांपैकी बाबा ज्यांवर पेनाने "ठीक" असा शेरा मारून ठेवतात ते. "उत्तम" शेऱ्याचे तुमच्याकडेच राहू देत. माळ्यावर तुम्ही दोघांनीही चढायचं नाही. शेजारच्या मुलाला शिडी लावायला सांगा, खाली सतरंजी टाकून बसून निवडा. धुळीने बाबांना खोकला होतो, नाकाला रुमाल बांधायचा.

पुढच्या शनिवारी मी गाडी घेऊन येते, रविवारी गठ्ठे भरून निघेन. आई, येताना इथली हळद आणते. बाबा, नावं लिहिलेली पहिली पानं फाडू नका; कुणाच्या घरून अंक आला ते पोरं आवडीने वाचतात.

तुमची लेक