छोटं पिस्तूल 'सोयीचं' असतं हे कुणी सांगितलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी इकडे टेक्सासमधे रोज सकाळी चहाबरोबर फोनवर वाचते, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. कारण असं की मागे तुमच्या पुरवणीत अमेरिकेतल्या बंदुकांवर लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं, 'महिलांना पर्समध्ये ठेवायला सोयीचे असे छोटे, हलके पिस्तूल', आणि शेजारच्या फोटोखाली छापलं होतं 'रिव्हॉल्वर'. फोटोत रिव्हॉल्वर नव्हतं, सरळसरळ पिस्तूल होतं (गोळ्या फिरत्या चक्रात असतील तर रिव्हॉल्वर, मुठीतल्या मॅगझिनमधे म्हणजे गोळ्यांच्या डबीत असतील तर पिस्तूल, एवढं सोपं आहे हो ते). पण ते जाऊदे. माझं भांडण त्या 'सोयीचे' या शब्दाशी आहे, कारण तो लेख वाचला त्याच्या दोनच दिवस आधी मी असलंच एक छोटं, हलकं, सोयीचं पिस्तूल घेऊन पहिल्यांदा रेंजवर (नेमबाजीच्या जागी) गेले होते आणि माझा अंगठा अजून दुखतोय.

आधी थोडं मागचं सांगते. मी इथे बावीस वर्षं आहे, सिटिझन आहे, काम असं की आठवड्यातून तीन दिवस दुकान बंद करून निघायला रात्रीचे अकरा वाजतात आणि पार्किंगमधे तेव्हा माझीच एक गाडी उरलेली असते. टेक्सासमधे १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने बंदूक बाळगायला पात्र असलेल्या एकवीस वर्षांवरच्या माणसाला हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर) जवळ ठेवायला लायसन्स लागतच नाही, तरी मी लायसन्स काढलं, एकतर ते दुसऱ्या बऱ्याच राज्यांत चालतं आणि दुसरं म्हणजे त्यानिमित्ताने परीक्षा तरी द्यावी लागते. ती परीक्षा म्हणजे पन्नास गोळ्या, तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस आणि पंधरा यार्डांवरून दहा (यार्ड म्हणजे मीटरहून जरा कमी), २५० पैकी १७५ मार्कांना पास. मला २३८ पडले. ते मी मैत्रिणीच्या मोठ्या पिस्तुलावर मिळवले होते, पोलिसांच्या कमरेला असतं ना तसलं, मॅगझिन भरलं की जवळजवळ एक किलोचं. कॉलेजात एनसीसीला .२२ रायफलच्या चार गोळ्या मारल्या होत्या तेवढाच काय तो पूर्वानुभव, त्यामुळे २३८ नंतर मी घरात जरा जास्तच ताठ चालायला लागले होते असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

पण ते मोठं धूड कपड्यांखाली लपणार कुठे? आणि कन्सील्ड कॅरीमधे, म्हणजे बंदूक लपवून जवळ बाळगण्यात, लपणं हाच तर मुद्दा. म्हणून हे छोटं घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला. पण या मापात पूर्वी सहा-सात गोळ्या बसायच्या, २०१८ मधे सिग सॉअरने पी३६५ काढलं आणि तेवढ्याच अंगात दहा बसवल्या, मग सगळ्याच कंपन्या त्या मागे लागल्या, माझंही त्याच पिढीतलं आहे. ९ एमएमच्या काडतुसाचं, नळी तीन इंचांची, रिकामं असताना वजन अर्ध्या किलोच्या आसपास. दुकानात हातात घेतलं तेव्हा खरंच वाटलं की अरे हे तर टीव्हीच्या रिमोटएवढं आहे, काय त्यात.

शनिवारी सकाळी रेंजवर गेले. आदल्या रात्री उघडून पुसून तेल दिलं होतं, नव्या पिस्तुलात फॅक्टरीचं चिकट ग्रीस असतं ते काढावं लागतं. पहिली झटापट मॅगझिनशी. नवीन स्प्रिंग इतकी कडक असते की पहिल्या सहा गोळ्या सरळ जातात, सातवी-आठवीला अंगठ्याने जोर लावावा लागतो आणि नववी-दहावी म्हणजे किलोभर वाल सोलून झाल्यावर नखाखाली जे होतं ना, अगदी तेच. मी आठवरच थांबले. मग स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तो मागे खेचून सोडला की पहिली गोळी नळीत चढते. मोठ्या पिस्तुलाची स्लाईड मी दोन बोटांच्या चिमटीत धरून मागे खेचायचे, हिची जागची हलेना! कारण स्लाईड जेवढी छोटी आणि हलकी तेवढी आतली स्प्रिंग कडक ठेवावी लागते, नाहीतर त्याच ९ एमएमच्या दणक्याने ती भसकन मागे येईल. तिथे एक म्हातारे इन्स्ट्रक्टर आहेत, पांढऱ्या मिशा, सगळ्यांना 'मॅम' आणि 'सर'. त्यांनी माझं दोन मिनिटं बघितलं मग दाखवलं, स्लाईड डाव्या पंज्याने वरून पूर्ण मुठीत धरायची आणि ती मागे ओढण्यापेक्षा उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. झालं. ताकदीचा प्रश्नच नव्हता, पकडीचा होता.

आता पहिली गोळी. दोन्ही हातांनी धरलं तेव्हाच लक्षात आलं की उजव्या हाताच्या करंगळीला जागाच नाही, मूठ तिथे संपतेच, करंगळी हवेत. म्हटलं चालेल. सात यार्डांवर कागद लावला, चाप दाबला, आणि पिस्तूल हातात असं उसळलं की समोरची साईट (नेम धरायची खूण) कुठे गेली ते कळेचना, परत जागेवर यायला सेकंद-दीड सेकंद गेला असेल. मी मोठ्याने मराठीतच काहीतरी बोलले, कानावर मफ असल्याने ते किती मोठ्याने ते मला नंतर शेजारच्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

हे असं का होतं ते नीट लिहायला हवं कारण मुळात गैरसमज इथेच आहे. काडतूस तेच असतं हो. मोठ्या पिस्तुलात जे ९ एमएम जातं तेच छोट्यात, साधारण साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या पुढेमागे वेगाने बाहेर पडते. तिचा मागचा धक्का कुणीतरी खायचाच आहे, पिस्तूल जड असेल तर बराचसा पिस्तूल खातं, हलकं असेल तर तो तुमच्या तळहातात येतो. म्हणजे जे हलकं म्हणून बायकांना सोयीचं म्हणून विकतात तेच हाताला जास्त मारतं. आपल्याकडे २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यातून 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्वर महिलांसाठी म्हणून आलं होतं, तेव्हाही सगळ्या बातम्यांत वजनाचंच कौतुक. ते निदान .३२ चं, म्हणजे कमी दणक्याच्या काडतुसाचं होतं, भारतात ९ एमएम सामान्य माणसाला मिळतच नाही, प्रोहिबिटेड बोअर म्हणजे बंदी असलेलं माप.

आणि दुसरी गोष्ट नेमाची. छोट्या पिस्तुलावर मागची आणि पुढची साईट यांच्यात अंतर कमी, माझ्यावर तेरा सेंटिमीटर भरतं, मोठ्यावर साडेसोळाच्या आसपास असतं. आता हिशोब करा, तेरा सेंटिमीटरवर पुढची साईट एक मिलिमीटर इकडे सरकली तर सात यार्डांवर म्हणजे साडेसहा मीटरला जरा कमी, तिथे गोळी पाच सेंटिमीटर चुकते. मोठ्यावर तीच चूक चार सेंटिमीटरची होते. म्हणजे धक्का जास्त, पकडायला जागा कमी, आणि चूक मात्र मोठी करून दाखवणार.

माझ्या पहिल्या आठ गोळ्यांतल्या सहा खाली डावीकडे गेल्या, एक कागदाच्या कडेला आणि एक कुठे गेली ते देव जाणे. आठवी संपल्यावर स्लाईड मागे अडकून राहायला हवी ती पण राहिली नाही. मला वाटलं पिस्तूलच खराब, साईट वाकडी असणार, पैसे वाया गेले. म्हातारेबुवा काही बोलले नाहीत, माझं मॅगझिन घेतलं, माझ्याकडे पाठ करून भरलं आणि परत दिलं. मी मारायला लागले, धाड, धाड, आणि तिसऱ्याला नुसतं 'टक्'. त्यांनी मधेच खोटं काडतूस घातलं होतं. गोळी सुटलीच नाही पण पिस्तुलाचं तोंड मात्र चांगलं दोन बोटं खाली गेलं, माझ्या डोळ्यांसमोर, मीच नेलं खाली! धक्का यायच्या आधीच मी त्याच्याशी कुस्ती खेळत होते. इतकी लाज वाटली. आपण मराठीत चाप 'ओढला' म्हणतो ना, तेच मी करत होते, ओढत होते, आणि तो मागे सरळ, सावकाश, लिंबू पिळताना बी येऊ नये म्हणून जसा हळू दाब देतो तसा दाबायचा असतो. स्लाईडचंही तेच, माझा उजवा अंगठा स्लाईड अडवायच्या खटक्यावर बसत होता, मोठ्यावर तो तिथपर्यंत पोचायचाच नाही. साईट वगैरे काही वाकडी नव्हती.

मग तीन यार्डांवर कागद आणला आणि एकेक गोळी. करंगळीसाठी दुसरं, तळाला जरा लांब असलेलं मॅगझिन लावलं, त्याने मूठ भरली आणि अर्धं दुखणं तिथेच कमी झालं (मग लपवायला अर्धा इंच जास्त, या खेळात फुकट काहीच मिळत नाही). चाळिसाव्या गोळीच्या सुमाराला पिस्तूल अडकलं, रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी स्लाईडच्या फटीत उभी राहिली, धुराड्यासारखी दिसते म्हणून इथे तिला स्टोव्हपाइप म्हणतात. परत वाटलं पिस्तुलाचा दोष, परत निघाला माझा, दमून मनगट ढिलं पडलं होतं. मनगट मागे गेलं की स्लाईडला मागे जायला पूर्ण जोर मिळत नाही, हलक्या पिस्तुलात हे जास्त होतं. मॅगझिनच्या तळाला थाप, स्लाईड मागे, पुढे चालू.

एक गंमत राहिली. मी गेले होते व्ही गळ्याची कुर्ती घालून. म्हाताऱ्यांनी सुरुवातीला गळ्याकडे बघून काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं होतं, मला कळलं नाही. ते पन्नासाव्या गोळीला कळलं, गरम पुंगळी लेनच्या भिंतीवर आपटून परतली ती सरळ कुर्तीच्या आत. तव्याचा चटका बसतो तसा, आणि हालली की नवीन जागी नवीन चटका. अशा वेळी माणूस उड्या मारतो आणि हातात भरलेलं पिस्तूल असतं, त्यातूनच अपघात होतात. मी बोट चापावरून बाहेर काढलं, तोंड समोर ठेवून पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मग काय नाचायचं ते नाचले. दिवसभरात हे एकच काम मी बरोबर केलं, आणि म्हाताऱ्यांनी अंगठा दाखवला तो पण त्यालाच, नेमाला नाही.

ऐंशी गोळ्यांवर थांबले. अजून वीस होत्या पण हात थरथरायला लागल्यावर मारलेल्या गोळ्या फक्त वाईट सवयी लावतात. अंगठ्याच्या बेचक्यात कातडी सोललेली. शेवटच्या दहा गोळ्या तीन यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत होत्या, तीन यार्ड म्हणजे आमच्या ओट्यापासून फ्रिजपर्यंत. तो कागद मी जपून घरी आणला, नवऱ्याने विचारलं हा का ठेवायचा, उत्तर दिलं नाही. साबण आणि गार पाण्याने हात-तोंड धुतलं (बारुदाबरोबर शिशाची धूळ अंगावर येते, गरम पाण्याने जात नाही तेवढी), कपडे सरळ मशीनला.

ठाण्याच्या मामेबहिणीचा त्याच दिवशी फोन, 'मग आता पर्समधे घेऊन फिरतेस का गं?' नाही फिरत. पर्समधे तर कधीच ठेवणार नाही. एकतर पर्स हीच पहिली खेचली जाते, आणि माझ्या पिस्तुलाला वेगळं सेफ्टीचं बटण नाही, चाप दाबला की उडतं, मग पर्समधे किल्ल्यांच्या जुडग्याने किंवा कंगव्याने दाबला तरी त्याला काय कळणार? त्याला चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर लागतं, कमरेला घट्ट. आणि तेही आत्ता नाही, आधी दोनशे गोळ्या न अडकता गेल्या पाहिजेत, त्यानंतर जवळ ठेवायच्या त्या वेगळ्या होलोपॉइंट (टोकाला खळगा असलेल्या) गोळ्यांपैकी पन्नास, मग बघू. तोपर्यंत ते तिजोरीत आणि मी पार्किंगमधे पूर्वीसारखीच किल्ली हातात धरून.

त्या मामेबहिणीचा मुलगा इथे डॅलसला एच१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, तो केव्हाचा मागे लागलाय की मावशी मला पण ने. त्याला नेता येत नाही. या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक हातात घेणं हाच फेडरल गुन्हा आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर, आणि रेंजवर भाड्याची बंदूक घेतली तरी तोच नियम. तुमच्या लेखात 'अमेरिकेत कुणालाही बंदूक मिळते' असं होतं म्हणून हे मुद्दाम लिहिलं, तुमचे बरेच वाचक नाहीतर त्यांची पोरं इथे त्याच व्हिसावर आहेत.

या शनिवारी परत जाणार आहे, बंद गळ्याचा टी-शर्ट घालून.

आपली,
टेक्सासमधली एक नियमित वाचक