खड्डा अलीकडे की पलीकडे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत हौशी गोल्फ खेळाडूंसाठी आयर्नच्या, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या काठीच्या, फटक्यांवर आलेला मजकूर मी पेन हातात घेऊन वाचला. सवय जात नाही. ३१ वर्षं मुद्रितशोधन केलं आहे. ‘डिव्हट’ (फटक्याने गवतात पडणारा खड्डा) हा शब्द त्यात तीन तऱ्हांनी छापला आहे, पण ते शेवटी सांगते. माझी खरी तक्रार वेगळी आहे. फटका चेंडूआधी जमिनीत गेला तर तुमचा सल्ला: डोकं खाली ठेवा, नजर चेंडूवर ठेवा. आयर्नची धार चेंडूच्या पोटात बसून तो सरपटत गेला तरी सल्ला तोच. दोन्हींवर एकच मात्रा. ही मात्रा मी दोन वर्षं घेतली आणि दुखणं वाढवून बसले. मुद्रितशोधकाला मात्रा चुकीच्या अक्षरावर दिसली की राहवत नाही, म्हणून हे पत्र.

मी चौपन्नाव्या वर्षी खेळायला लागले, आता अठ्ठावन्न पूर्ण आहेत. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत, २८. उजव्या हाताने खेळते, म्हणजे माझा पुढचा पाय डावा. सात नंबरचं आयर्न बरं लागलं तर चेंडू शंभर यार्ड जातो. पण ते बरं लागणं म्हणजे लॉटरी होती. फॅट, म्हणजे चेंडूआधी जमिनीत, लागला की मातीचा लपका चेंडूच्या पुढे उडायचा आणि चेंडू तीस-चाळीस यार्डांवर जाऊन बसायचा. थिन लागला की आयर्नची खालची धार चेंडूच्या पोटात बसायची, बोटांना झिणझिण्या यायच्या आणि चेंडू गुडघाभर उंचीवरून सुसाट ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, पलीकडे. मी या दोन चुका वेगळ्या धरून चालले. फॅट लागला की पुढच्या फटक्याला जरा उंच उभी राहायची. त्याने थिन लागला की पुढच्याला वाकून. छापखान्यात नवखी मुलं असंच करतात. वरच्या ओळीतलं एक अक्षर गळलेलं असतं, त्याने खालच्या तीन ओळी सरकतात, आणि हे खालच्या ओळी ओढून सरळ करत बसतात.

मला शहाणं केलं ते मैदानावर गवताची निगा राखणाऱ्या माणसाने. दिवसभर तो आमचे सगळ्यांचे खड्डे वाळू घालून बुजवतो. एकदा माझ्या मागून येता येता सहज म्हणाला, “मॅडम, चांगलं खेळणाऱ्यांचा खड्डा चेंडूच्या पलीकडे असतो. तुमचा नेहमी अलीकडे.” तो स्वतः खेळत नाही. पण चार वर्षांत माझ्या डोक्याकडे बघून बोलणारे वीस जण भेटले, जमिनीकडे बघून बोलणारा हा पहिला.

अलीकडे आणि पलीकडे. या दोन शब्दांत माझं सगळं निदान होतं. आयर्नचं डोकं तिरक्या वर्तुळात फिरतं आणि त्या वर्तुळाचा एक तळ असतो. तो तळ चेंडूच्या पलीकडे, लक्ष्याच्या बाजूला, तीन-चार बोटं असायला हवा. म्हणजे आयर्न खाली उतरता उतरता आधी चेंडूला लागतं आणि मग गवत कापतं. माझं वजन मागच्या पायावर रेंगाळायचं, त्यामुळे तळही मागे राहायचा. तो जमिनीत रुतला की फॅट. नशिबाने जमिनीला न लागता निसटला, तर चेंडूपाशी येईतो आयर्न वर चढायला लागलेलं असायचं आणि धार पोटात, म्हणजे थिन. चेंडूचा व्यास नियमाप्रमाणे किमान ४२.६७ मिलिमीटर; त्याचं पोट जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटरवर. एवढ्याशा फरकात माझे दोन ‘वेगळे’ आजार राहत होते. त्यात आयर्न आणि चेंडूची गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. त्या क्षणी ‘नजर चेंडूवर’ असं स्वतःला बजावून काय साधणार? जे व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं.

मग वजन मागे का राहायचं? माझ्या बाबतीत याचं उत्तर एका क्रियापदात सापडलं. पहिल्याच दिवशी एका जुन्या खेळाडूने प्रेमाने सांगितलं होतं, “चेंडू अलगद उचलायचा.” चार वर्षं मी इमानेइतबारे उचलत होते! उचलायचं म्हटलं की शरीर आपोआप मागे कलतं, मनगटं चमच्यासारखी वर वळतात, पुढचा खांदा आभाळाकडे जातो. खरं तर उचलायचं काम आयर्नच्या तोंडाला दिलेलं असतं. माझ्या सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३३ अंशांचा आहे. तोंड मुळातच मागे कललेलं आहे, त्यात माझी भर कशाला? स्पर्धा खेळणाऱ्या व्यावसायिक पुरुषांचं सात नंबरचं आयर्न चेंडूला भेटतं तेव्हा साधारण चार अंशांनी खाली उतरत असतं, आणि तरी त्यांचा चेंडू आमच्यापेक्षा कितीतरी उंच जातो. मी ते क्रियापद खोडलं आणि समासात दुसरं लिहिलं: चेंडूपुढचं गवत कापायचं.

आता डोक्याबद्दल. मुलीने मोबाइलवर माझे फटके समोरून टिपले. संथ करून पाहिलं तर चेंडू निघून गेला तरी माझं डोकं खिळा ठोकल्यासारखं जागच्या जागी! म्हणजे सल्ला मी तंतोतंत पाळत होते. मान अशी आवळून धरल्यावर छाती लक्ष्याकडे वळणार कशी? ती वळत नव्हती, म्हणून वजनही पुढे जात नव्हतं. फटका संपल्यावर मी पुढचा पाय जमिनीवरून सहज उचलू शकत होते. उचलता यायला हवा मागचा. ही परीक्षा कुणीही घरबसल्या करावी, हातात आयर्न नसलं तरी चालेल.

डोकं खाली ठेवणं हा धर्म असता तर आनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड डुवाल हे दोघे नामवंत व्यावसायिक खेळाडू केव्हाच वाळीत पडले असते. दोघांचंही डोकं चेंडूला आयर्न लागताना लक्ष्याकडे वळू लागलेलं असायचं. हे त्यांच्या स्विंगचं सर्वांना ठाऊक असलेलं वैशिष्ट्य. डुवालने १९९९ मध्ये पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत एका फेरीत अवघे ५९ फटके नोंदवले आणि २००१ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली. सोरेनस्टॅमने त्याच २००१ मध्ये महिलांच्या एलपीजीए टूरवर ५९ ची फेरी खेळली. त्यांचं अनुकरण करा असं मी म्हणत नाही. माझी ती पोच नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की डोकं वर येणं हे पुष्कळदा परिणाम असतं, कारण नसतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आपण किती दिवस चालवायचं?

तुमच्या मजकुरात जी गोष्ट पहिल्या परिच्छेदात हवी होती, ती कुठेच नव्हती: आपलं आयर्न जमिनीला नेमकं कुठे लागतं, हे खेळाडूने आधी पाहायचं कसं. मी केलं ते लिहिते. सरावाच्या गवतावर परवानगी घेऊन पांढऱ्या पावडरची एक लांब रेघ ओढली, फटक्याच्या दिशेला काटकोनात. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल अशी उभी राहिले आणि चेंडू न ठेवता दहा वेळा स्विंग केला, दर वेळी रेघेवरून एक पाऊल सरकत. मग खाली वाकून पाहिलं. दहापैकी आठ खुणा रेघेच्या अलीकडे, त्यातल्या तीन तर चांगल्या वीतभर अलीकडे. चेंडू नव्हता, घाबरायचं कारण नव्हतं, तरी आठ! वहीत तारीख घालून आकडा लिहिला. इतकं स्वच्छ प्रूफ मला नोकरीतही कधी मिळालं नव्हतं.

इथेच मॅटबद्दलचा माझा राग सांगून टाकते. सरावाच्या रेंजवर बहुतेक जण कृत्रिम गवताच्या मॅटवर सराव करतात. मॅटवर आयर्न चेंडूच्या चार बोटं अलीकडे लागलं तरी रुतत नाही. घसरत पुढे जातं आणि चेंडू छान उडतो. तीच चूक खऱ्या गवतावर केली की माती. मॅट खुशामत करते. मी सात महिने तिच्यावर खूश होते आणि मैदानावर गेले की नशिबाला बोल लावत होते. मॅटवरच सराव करणं भाग असेल तर चेंडूच्या वीतभर अलीकडे एक मऊ रुमाल पसरावा. आयर्न त्याला लागलं की लबाडी कळते. शिवाय आयर्नच्या तोंडावर पायाला लावायची पावडर फवारली तर चेंडूचा ठसा उमटतो. माझे ठसे सगळे सर्वांत खालच्या दोन खाचांवर होते.

दुरुस्तीत पहिली गोष्ट निघाली ती फुकटची. चेंडू मी डाव्या टाचेसमोर ठेवत होते, ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या काठीला, ठेवतात तसा. सात नंबरसाठी तो मधोमध, फार तर मध्यापासून एका चेंडूच्या रुंदीएवढा पुढे हवा. एवढ्या बदलाने दहातल्या आणखी दोन खुणा रेघेपलीकडे गेल्या, घाम न गाळता. पुढचं मात्र कष्टाचं होतं. मागची टाच उचलून, वजन आधीच पुढच्या पायावर टाकून, कमरेपासून कमरेपर्यंतचे अर्धे फटके. जोर नाही, अंतर मोजायचं नाही. आयर्न चेंडूला लागताना हात चेंडूच्या थोडे पुढे, आणि शेवटी शर्टाची बटणं लक्ष्याकडे. रोज चाळीस फटके, सहा आठवडे. कंटाळवाणं होतं, खोटं कशाला सांगू. बाजूचे लोक ड्रायव्हरने आभाळ फाडत होते आणि मी बसल्या जागी चेंडू टिचकावत होते.

तिसऱ्या आठवड्यात नवं संकट आलं: शँक. आयर्नच्या तोंडाऐवजी शाफ्ट, म्हणजे काठीचा दांडा, जिथे बसवलेला असतो त्या नळीला चेंडू लागायचा आणि जवळजवळ काटकोनात उजवीकडे पळायचा. हे नाव घेतलं की खेळाडू कानाला हात लावतात. माझ्यापुरतं कारण साधं होतं. वजन पुढच्या पायावर न्यायच्या नादात मी ते चवड्यांवरही ढकलत होते आणि दोन बोटं चेंडूकडे झुकत होते. चेंडूच्या पलीकडच्या अंगाला, माझ्यापासून लांबच्या बाजूला, एक रिकामं पुठ्ठ्याचं खोकं दोन बोटं अंतर सोडून ठेवलं. खोक्याला न लागता चेंडू मारायचा, एवढंच. चार दिवसांत शँक गेला, खोकं मात्र फाटलं.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी रेघेची परीक्षा पुन्हा घेतली. दहापैकी सात खुणा पलीकडे. हँडिकॅप उतरला नाही, कारण माझं पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकात ढकलणं, भयानक आहे, आणि त्यावर मला कुणाचाही सल्ला नको. सल्ल्यावरून आठवलं: गोल्फच्या नियम १०.२ नुसार फेरी चालू असताना स्पर्धेतल्या दुसऱ्या खेळाडूला सल्ला देणं किंवा त्याच्याकडे मागणं याला दंड आहे, स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, दोन फटक्यांचा. इतका मनोज्ञ नियम दुसऱ्या कुठल्या खेळात असेल असं वाटत नाही. तो सरावाच्या जागेलाही लागू करावा अशी सूचना मला करावीशी वाटते, पण मग हे पत्रच नियमबाह्य ठरायचं.

आजही चूक पूर्ण गेलेली नाही. परवाच्या फेरीत दोन फॅट लागले, दोन्ही वेळा ग्रीनच्या अलीकडे पाणी होतं. पाणी दिसलं की ते जुनं क्रियापद कानात कुजबुजतं: उचल. आता निदान ते ऐकू तरी येतं. अशा वेळी मी चेंडूकडे बघतच नाही. त्याच्या पुढची तीन बोटं जागा निवडते, तिथलं एखादं गवताचं पातं धरते आणि ते कापायला जाते.

तर विनंती अशी. पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा खेळाडूच्या डोक्याचं छायाचित्र नको. फटका झाल्यावरची जमीन छापा, चेंडू कुठे होता तिथे एक खूण करून. आणि ‘डिव्हट’ एकाच तऱ्हेने छापा. पान ४ वर ‘डिवट’ आहे, चौकटीत ‘डिव्हॉट’, आणि छायाचित्राखालच्या ओळीत तर ‘दिवट’. ती ओळ वाचून मी बराच वेळ हसत होते.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
(निवृत्त मुद्रितशोधक)