‘प्रयोगशाळेत सिद्ध’ म्हणजे नेमके कशावर सिद्ध?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत त्वचेचे वार्धक्य लांबवणाऱ्या प्रसाधनांविषयी अलीकडे आलेला लेख मी काळजीपूर्वक वाचला. सीरममधील एका घटकामुळे कोलॅजेनची, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाची, निर्मिती दुपटीहून अधिक वाढते, हे ‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे’, असे त्यात म्हटले आहे. मात्र ही वाढ कशावर मोजली, याचा उल्लेख लेखात कुठेही नाही. त्वचेच्या पेशींवर अशा घटकद्रव्यांच्या चाचण्या करणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

अशी बहुतेक चाचणी सुरू होते ती फायब्रोब्लास्टपासून, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशींपासून. या पेशी प्लॅस्टिकच्या तबकडीतील लहान लहान खळग्यांत, पोषक द्रवात वाढवल्या जातात. इनक्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी एकाच दिशेने पोहणाऱ्या माशांच्या झुंडीसारख्या दिसतात. द्रवाचा गुलाबी रंग पिवळट पडू लागला, की तो आम्लधर्मी झाला असून बदलायला हवा, हे कळते. मग घटकद्रव्य योग्य द्रावकात विरघळवून अगदी अल्प प्रमाणात खळग्यांत सोडायचे, दोन-तीन दिवसांनी द्रव काढून घ्यायचा आणि पेशींनी त्यात सोडलेले प्रोकोलॅजेन, म्हणजे कोलॅजेनचे आधीचे रूप, रंगाच्या तीव्रतेवरून मोजायचे. ‘दुपटीहून अधिक’ यासारखे आकडे बहुधा अशा तबकडीतून येतात.

हे काम खोटे नाही. कोणते द्रव्य पुढे तपासण्याजोगे आहे आणि कोणते सोडून द्यावे, हे ठरवायला त्याच्याइतके सोयीचे साधन नाही. परंतु तबकडीतला आकडा किती सहज वर जातो, हे तो मोजणाऱ्यालाच ठाऊक असते. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पोषक द्रवात क जीवनसत्त्व मुळीच नसते, आणि कोलॅजेनची साखळी पक्की होण्यासाठी तिच्यातील प्रोलीन या अमिनो आम्लावर जी रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते, तिला हे जीवनसत्त्व लागतेच. साहजिकच, अशा उपाशी पेशींना क जीवनसत्त्व दिले, की कोलॅजेन वाढलेले दिसते. निरोगी माणसाच्या त्वचेला ते रक्तातून मिळतच असते. तेव्हा उपाशी पेशींवर आलेला आकडा पोट भरलेल्या त्वचेला लावता येत नाही. मी नवीन असताना एका वनस्पतिअर्काने कोलॅजेन वाढल्याची नोंद मोठ्या आनंदाने केली होती. वरिष्ठांनी खळग्यांतील पेशी मोजायला सांगितल्या, तेव्हा लक्षात आले, की अर्क दिलेल्या खळग्यांत सुरुवातीपासूनच पेशी जास्त पडल्या होत्या. दर पेशीमागे हिशेब केल्यावर वाढ उरलीच नाही. तेव्हापासून पेशींच्या मोजणीशिवाय दिलेला कोलॅजेनचा आकडा मी ग्राह्य धरत नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. तबकडीतल्या पेशी उघड्या असतात. द्रव्य थेट त्यांच्यावर पडते. माणसाच्या त्वचेवर मात्र सर्वांत वर मृत पेशींचा शृंगीस्तर असतो. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी अवघी १० ते २० मायक्रोमीटर असली, तरी बाहेरचे पदार्थ अडवण्याचे काम तो चोख बजावतो. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत, असा नियम बॉस आणि माइनार्डी या संशोधकांनी २००० साली मांडला आणि तो आजही आडाखा म्हणून वापरला जातो. कोलॅजेनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा आहे. म्हणजे कोलॅजेनयुक्त क्रीम त्वचेवर पाणी धरून ठेवू शकेल, तिला मऊपणा देऊ शकेल, पण आतल्या कोलॅजेनमध्ये भर घालणार नाही.

द्रव्य आत शिरते की नाही, हे तपासण्याचे साधन उपलब्ध आहे. १९७५ साली फ्रान्झ यांनी वर्णन केलेल्या उपकरणात काचेच्या दोन कप्प्यांमध्ये त्वचेचा तुकडा घट्ट बसवतात. शस्त्रक्रियेनंतर उरलेली, दात्याच्या संमतीने घेतलेली मानवी त्वचा किंवा डुकराच्या कानाची त्वचा यासाठी वापरतात. वर क्रीम लावायचे, त्वचेचा पृष्ठभाग ३२ अंशांच्या आसपास ठेवायचा आणि काही तासांनी शृंगीस्तरात किती, खालच्या थरांत किती आणि खालच्या द्रवात किती द्रव्य उतरले, ते मोजायचे. या चाचणीत तयार बाटलीतले मिश्रण वापरता येते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. क जीवनसत्त्वाचे शुद्ध आम्लरूप त्वचेत नीट शिरण्यासाठी द्रावणाचा सामू (पीएच) ३.५ पेक्षा कमी लागतो, असे २००१ मधील एका अभ्यासात दिसले. शिवाय हवा आणि प्रकाश लागून ते तपकिरी पडत जाते. म्हणजे लेबलावर घटकाचे नाव तेच असूनही दोन बाटल्यांचा परिणाम पूर्णपणे वेगळा असू शकतो.

चेहऱ्यावरील चाचणीतही एक खबरदारी अत्यावश्यक आहे. कोणतेही ओलावा देणारे क्रीम लावले, की बारीक सुरकुत्या तात्पुरत्या कमी दिसतात. म्हणून तुलना करायची ती ‘आधी आणि नंतर’च्या छायाचित्रांची नव्हे, तर घटक असलेल्या क्रीमची आणि तोच घटक वगळलेल्या त्याच क्रीमची, तीही लावणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला कोणते कोणते आहे हे कळू न देता. ट्रेटिनॉइन या औषधाच्या बाबतीत हे झाले आहे. १९८८ मध्ये ३० जणांवर १६ आठवडे अशीच तुलना करण्यात आली; उन्हाने खराब झालेली त्वचा सुधारली आणि बहुतेकांच्या त्वचेचा दाहही झाला, आणि या दोन्ही गोष्टी नोंदवल्या गेल्या. पुढे १९९३ मधील अभ्यासात माणसांच्या त्वचेचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले असता, सुमारे वर्षभराच्या वापरानंतर पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढलेली, तर औषध नसलेले नुसते आधारक्रीम लावणाऱ्यांत १४ टक्क्यांनी घटलेली आढळली. हाही कोलॅजेनचाच आकडा आहे, पण तो जिवंत माणसाच्या त्वचेतला आहे. ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात साडेचार वर्षांत त्वचेचे वार्धक्य मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी वाढले. आपल्या लेखात सनस्क्रीनचा उल्लेख नव्हता, याचे मला मनापासून वाईट वाटले.

एखाद्या द्रव्याने त्वचेचा दाह होतो का, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत घडवलेल्या मानवी बाह्यत्वचेवर करायची चाचणी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१० मध्येच निश्चित केली. किती पेशी जिवंत राहिल्या पाहिजेत, ती मर्यादासुद्धा त्यात ठरलेली आहे. वार्धक्य लांबवण्याच्या दाव्यासाठी मात्र अशी सर्वमान्य पद्धत नाही, आणि ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ हे शब्द कुणीही कशालाही जोडू शकतो.

म्हणून विनंती अशी, की अशा घटकाविषयी लिहिताना चाचणी सुट्या पेशींवर झाली, काढलेल्या त्वचेवर झाली की माणसांवर, द्रव्याचे प्रमाण विक्रीच्या बाटलीत असते तेवढेच होते का आणि तुलना कशाशी केली, एवढे तरी आपल्या लेखकांनी विचारून छापावे. संबंधित लेखातील घटकाची चाचणी कशावर झाली होती, याची माहिती मिळवून ती पुढील पुरवणीत द्यावी.

आपली विश्वासू,
त्वचापेशींच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक वाचक