आई-बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, म्हणजे हे तुम्हीच तिला वाचून दाखवणार. मधलं काही गाळू नका. तिला कळतं.

नोकरी मी सोडली. राजीनामा मार्चमध्येच दिला आणि तरी दर रविवारी फोनवर ‘ऑफिस ठीक’ म्हणत राहिले. डेट्रॉईटच्या डाउनटाउनमध्ये, वुडवर्ड अव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत एक गाळा भाड्याने घेतलाय. पुढे गॅलरी, मागे माझं रंगकाम. करार तीन वर्षांचा आहे. म्हणजे ‘पुढच्या वर्षी कायमचे परत येतो’ म्हणाले होते, ते आता तीन वर्षं तरी नाही. हे वाक्य चार वेळा खोडून लिहिलंय.

पैशांची काळजी करू नका. घराचे हप्ते, विमा सगळं जावयांच्या नोकरीतून जातं. नातीच्या कॉलेजच्या पैशांना हात लावलेला नाही. दोन वर्षांचं भाडं बाजूला काढूनच राजीनामा दिला. अठरा वर्षं मी गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल काढत होते, बाबा. त्यालाही ड्रॉइंगच म्हणतात.

‘ते बुडालेलं गाव,’ असं मामा म्हणेलच. बुडालं होतं, खरंय. 1950 साली साडेअठरा लाख वस्ती होती, 2020 मध्ये साडेसहा लाखसुद्धा नव्हती. 2013 मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा देणेकऱ्यांचा डोळा म्युझियममधल्या चित्रांवर गेला. शेवटी संस्थांनी आणि राज्य सरकारने पैसा घातला, तो पेन्शन फंडात गेला, चित्रं जागेवर राहिली. तरी बऱ्याच जणांचं पेन्शन साडेचार टक्के कापलं गेलंच. तुम्ही विचारणार म्हणून आधीच सांगते. मलाही ते बोचतं.

पण त्याच म्युझियममध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने 1932-33 मध्ये चारही भिंती रंगवल्यात, ओल्या गिलाव्यावर. मोटार कारखान्यातली माणसं, वाकलेल्या पाठी. पाठ कशी काढायची ते तुम्ही स्टुलावर बसून शिकवलं होतंत, तसंच अगदी. आणि मी आले तेव्हा ज्या मोठ्या रेल्वे स्टेशनच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, 1988 पासून बंद पडलेलं ते स्टेशन फोर्डने दुरुस्त करून 2024 च्या जूनमध्ये उघडलं. गाड्या नाहीत, ऑफिसं आहेत, पण लोक येतात. बुडालेलं गाव परत कसं उभं राहतं, ते पुरातून उठलेल्या आपल्या गावभागातल्या माणसांना मी काय सांगायचं!

आई, थंडीचं विचारशील. इथे डाउनटाउनमध्ये रस्त्याखालच्या नळांतून वाफ येते, त्यावर जुन्या इमारती तापतात. थंडीत मॅनहोलमधून धूर निघतो, थेट आपल्या बंबासारखा. आमचा रेडिएटर सकाळी ठणठण वाजतो आणि मला उगीच वाटतं तू न्हाणीघरातून हाक मारतेयस. डबा घरून नेते. मावशीची भाजणी अजून पुरतेय. अंधार पडायच्या आत निघते, शेजारचा कॉफीवाला गाडीपर्यंत सोबत येतो.

आता खरं सांगायचं ते. गेल्या खेपेला माळ्यावरून तुमचं एक चित्र मी न विचारता आणलं. घाटाचं, एकोणीसच्या पुरात भिजलेलं. तुम्ही बाकीची टाकून दिलीत, हे ट्रंकेमागे राहिलं होतं. खालची चार बोटं गढूळ झालीत, पाण्याची रेघ सरळ देवळाच्या पायरीवरून गेलीय. दाराशी लावलंय. परवा एक बाई किंमत विचारत होत्या. ते डाग मुद्दाम काढलेत का, असंही विचारलं. विकायचं नाही म्हटलं. रागवा, पण परत मागू नका.

आता ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. जळमटं काढायला स्टुलावर चढायचं नाही, बाईंना सांगा. सिलिंडर ओढायचा नाही. आईने ड्रॉप्स स्वतः घालायचे नाहीत, तुम्ही घाला, आधी हात धुऊन. पासपोर्टची मुदत बघा. बघा म्हणजे कपाट उघडून बघा. दिवाळीत मी येतेय, पंधराच दिवस, पण येतेय.

तुमची,
ठमी

ता. क. बाबा, त्या चित्रावर तुमची सही नाही. खालचा कोपरा रिकामा ठेवून फ्रेम केलीय, मागची पट्टी निघते. दिवाळीत घेऊन येते, 6बी पेन्सिल शोधून ठेवा.