गुडघा दुखतो, पण तपासा खुबा

संपादक महोदय,

ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) केमोथेरपी चालू असलेले दहा-बारा वर्षांचे मूल लंगडू लागले, की ‘अशक्तपणा आहे, कॅल्शियम द्या’ हा सल्ला ठरलेला. त्यात चार-सहा महिने जातात आणि तेवढ्यात खुब्याचा गोळा, म्हणजे मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक, दबून चपटा होऊ शकतो. म्हणून हे पत्र.

या उपचारात प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडे टाळता येत नाहीत. त्यांच्यामुळे हाड विरळ होते आणि काही मुलांत सांध्याजवळच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरतो. धोका वयाप्रमाणे वाढतो. अमेरिकेतील सीसीजी-1961 या चाचणीत पाच वर्षांत हाड मरण्याचे हे दुखणे 10 ते 15 वयोगटातील 9.9 टक्के, तर 16 ते 21 वयोगटातील 20 टक्के रुग्णांत दिसले. दहाच्या आतल्या मुलांत अवघे 1 टक्का. त्याच चाचणीत दहा वर्षांवरील ज्या मुलांचा आजार पहिल्या उपचाराने लवकर आटोक्यात आला होता, त्यांना डेक्सामेथासोन सलग तीन आठवडे न देता मधला आठवडा सोडून दिले, तेव्हा प्रमाण 17 वरून 8.7 टक्क्यांवर आले. मात्र असा बदल कॅन्सरतज्ज्ञानेच करायचा. पालकांनी गोळ्या मनाने बंद केल्या तर ल्युकेमिया उलटू शकतो, शिवाय शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड अपुरे पडून मूल अत्यवस्थ होऊ शकते.

निदान चुकते ते दोन ठिकाणी. खुब्याचे दुखणे मुलाला अनेकदा मांडीत किंवा गुडघ्यात जाणवते. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो स्वच्छ येतो आणि विषय संपतो. मुलाला उताणे झोपवून खुबा व गुडघा काटकोनात वाकवा आणि पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूला न्या. एका बाजूला हालचाल अडली किंवा जांघेत कळ आली तर संशय खुब्यावरच घ्यावा. दुसरे म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात खुब्याचा एक्स-रेही साफ असतो. एमआरआय हवा, आणि तोही दोन्ही बाजूंचा. दुखणे पाठीत असेल तर मणक्यांचा बाजूने काढलेला एक्स-रे पाहावा, कारण मणका दबला असू शकतो. अशा मुलाला तेल चोळून घेण्यासाठी हाडवैद्याकडे नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको; तरीही नेले जाते.

गोळ्याचा 30 टक्क्यांहून अधिक भाग मेला असेल तर तो खचण्याची भीती जास्त. तेव्हा उड्या, धावणे, जड दप्तर बंद, कुबड्या वापराव्यात, उकिडवे व मांडी घालून बसणे टाळावे, घरी कमोडची खुर्ची ठेवावी. पोहणे आणि बिनभाराची सायकल चालते, पण पोहण्याआधी रक्तातील पेशींची संख्या आणि सेंट्रल लाइनचा (औषधांसाठी मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीचा) विचार हवा. पूर्ण अंथरुणावर ठेवले तर स्नायू झिजतात, हाड आणखी विरळ होते. खुब्यात छिद्र पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया गोळा खचण्याआधीच उपयोगी. नंतर बहुधा सांधा बदलण्याचाच मार्ग उरतो.

वेदनेवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून देऊ नये. प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होतो आणि मोठ्या डोसचे मेथोट्रेक्सेट हे केमोथेरपीचे औषध शरीरातून बाहेर पडायला अडथळा येतो. पॅरासिटामॉल देण्याआधीही थर्मामीटर लावावा, नाहीतर ताप झाकला जातो.

झोलेड्रॉनिक ॲसिड हे सलाइनमधून देण्याचे औषध वेदना कमी करते, हाडाची घनता वाढवते. मेलेला गोळा वाचवेलच असे नाही. पूर्ण मात्रा साधारण 0.05 मिलिग्रॅम प्रति किलो, सहा महिन्यांनी एकदा. पहिली मात्रा त्याहून कमी. आधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि दात तपासावेत. ड कमी असताना दिले तर दोन-तीन दिवसांत कॅल्शियम घसरते. ओठांना मुंग्या येतात, बोटे आखडतात. पहिल्या मात्रेनंतर ताप येणे नेहमीचे, पण पांढऱ्या पेशी कमी असतील तर तो औषधाचा ताप म्हणून सोडून देऊ नये, संसर्ग समजूनच रुग्णालय गाठावे. म्हणून पेशी चांगल्या असतील तो आठवडा निवडलेला बरा.

आमची मागणी साधी आहे. दहा वर्षांवरील प्रत्येक ल्युकेमियाग्रस्त मुलाचे खुबे ओपीडीच्या दर भेटीत फिरवून पाहावेत आणि केसपेपरवर त्याची नोंद असावी. याला यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

– बालकर्करोग रुग्णांच्या हाडांवर काम करणारे काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट, पुणे