भंगारात न गेलेलं मशीन

पुणे,
२२ जून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून पत्र. दिवाळीत मागच्या पत्र्याच्या खोलीतलं, आपल्या दुकानातलं व्हिडिओ गेमचं मशीन भंगारवाल्याला दिलं असं मी सांगितलं आणि आई, तुझ्या हातात ७०० रुपये ठेवले. ते पैसे माझे होते. मशीन टेम्पोत घालून मी पुण्याला आणलं. तेव्हापासून ते आमच्या हॉलमध्ये आहे आणि तुमचे जावई त्यावर ओल्या छत्र्या वाळत घालतात. फोनवर तू विचारलंस की मागे टकटक कसली चालू आहे, तेव्हा मी सुतार आलाय म्हणाले. सुतार मीच होते.

बाबा, आधी तब्येत सांगते. खालची सहा इंच प्लाय पाणी पिऊन पापडासारखी फुगली होती, तेवढी कापून नवी बसवली. आत उंदरानं संसार थाटला होता. स्पीकरची वायर आणि ‘लकी लॉटरी’चा एक गठ्ठा त्यानं कुरतडला होता. पिक्चर ट्यूब मात्र शाबूत. तिला हात लावायच्या आधी तुमचं सगळं पाळलं. प्लग काढला, साठलेली वीज उतरवायला स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला लावलं, दुसरा हात खिशात घातला आणि रबरी टोपीखाली टोक सरकवलं. वीस हजार व्होल्टच्या वरचा मामला. इतकी वर्षं बंद असलेल्या ट्यूबमध्ये काय उरलं असणार, हे मला कळत होतं. तरी हात थरथरला.

गेमचा बोर्ड गेला. तुमच्यासारखा खोडरबर घेऊन त्याच्या सोनेरी कडा घासल्या, चिपा काढून परत दाबून बसवल्या, काही उपयोग झाला नाही. चिपांच्या काचेच्या खिडकीवर तुम्ही चिकटवलेले कागद कधीच गळून पडले होते. बहुधा उजेड खाऊन एक चिप पार कोरी झालीय. इथल्या एका हौशी माणसाकडे चिपा वाचायचं यंत्र आहे, त्यानं तपासून सांगितलं. तो असंही म्हणाला की हा बोर्ड नकली आहे, गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचा नाहीच. म्हणजे बाबा, ‘ओरिजिनल आहे’ म्हणून तुमच्याकडून जे जास्तीचे पैसे घेतले होते, ते गेले. पण आपल्याकडच्या कितीतरी पार्लरमध्ये असेच बोर्ड होते म्हणे. आपण एकटेच फसलो नाही.

आता खरी गोष्ट. मागचं दार उघडलं तर आतल्या बाजूला वहीचा दुरेघी कागद डिंकानं चिकटवलेला. निळ्या शाईत, तुमच्या अक्षरात:

१६ रुपया
१७ चालू
१८ वर
१९ खाली
२० डावा
२१ उजवा
२२ मार
२३ उडी

आणि बाजूला रंग: लाल ५, पिवळा १२, काळा अर्थ. मी जमिनीवर बसून तो कागद पाचसहा वेळा वाचला. लहानपणी तुम्ही ‘जामा’ म्हणायचात आणि मला वाटायचं, मशीनला सदरा शिवताय. आता कळलं, जपानमधल्या कंपन्यांच्या संघटनेनं १९८५ च्या सुमाराला ठरवलेली ती पद्धत. एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८ अशी ५६ टोकं, कुठल्या टोकावर काय ते पक्कं. गेम बदलायचा तर जुना बोर्ड उपसायचा आणि नवा खोचायचा, वायरींना हात लावायचा नाही. तुम्ही गेम बदलायचात तेव्हा आम्हा पोरांना ती जादू वाटायची.

मीही तेवढंच केलं. जुन्या बोर्डाच्या जागी रास्पबेरी पाय बसवला. आई, खायचं काही नाही. केंब्रिजच्या लोकांनी २०१२ मध्ये काढलेला संगणक आहे, मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून. माझा २०१९ चा नमुना आहे, आकारानं तुझ्या बँकेच्या कार्डाएवढा. जुना बोर्ड पोळपाट झाकेल एवढा होता. मध्ये एक जोडकार्ड लागतं. त्याला एका बाजूनं हा चिमुकला बसतो आणि दुसऱ्या बाजूला तशीच ५६ टोकं आहेत, ती तुमच्या सॉकेटमध्ये खोचली. तुमची एकही वायर मी तोडली नाही. पहिल्यांदा स्टिक वर ढकलली तर पडद्यावर वर गेलं. २२ दाबलं तर मार बसला. बाबा, तुमचं सोल्डरिंग अजून धरून आहे.

जो भेटला तो म्हणाला, ट्यूब काढ आणि एलईडी लाव. नाही लावला. ही ट्यूब सेकंदाला साधारण १५,७०० आडव्या रेषा ओढते आणि आजचे संगणक त्याच्या दुपटीनं किंवा त्याहून जास्त, म्हणून सरळ जोडलं तर चित्र फाटतं. हे जोडकार्ड त्या संथ वेगाचं चित्र काढून देतं. गेमचं चित्रच ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं. एलईडीवर ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखं सुटं सुटं दिसतं, ट्यूबवर ते एकमेकांत विरघळतं. मुस्तफाची पिवळी टोपी ट्यूबवरच टोपीसारखी दिसते.

हो, मुस्तफाच लावलाय. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, १९९३ चा. आपल्या बार्शीत ते नाव कुणाला ठाऊक होतं! चौघांतला एक मुस्तफा, तर सगळा गेमच मुस्तफा. जुन्या बोर्डांचं वागणं चिपवार हुबेहूब उभं करणारा ‘मेम’ नावाचा प्रोग्रॅम आहे; निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं १९९७ मध्ये सुरू केलेला. त्यात हा चालतो. कायद्यानं हे सगळं किती सोवळ्यातलं आहे, ते पत्रात लिहीत नाही. एक मात्र खटकतंय. आवाज आता स्वच्छ येतो, भरदार. नकली बोर्डात मूळ आवाजाची चिप नसायची, त्यामुळे आपल्याकडे तो डब्यात खडे हलवल्यासारखा यायचा. मला तो खडेवाला आवाज हवा होता.

दोन रात्री मात्र रडकुंडीला आले. मशीन चालू व्हायचं, पाच मिनिटं चालायचं आणि डायनासोर उडी मारायला आला की ठप्प. कोपऱ्यात बारीक पिवळी वीज चमकायची. मला वाटलं, गेममधलीच असेल. ती रास्पबेरी पायची तक्रार होती, व्होल्ट कमी पडतायत म्हणून. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ही वीज दिसते. तुमच्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर मीटर धरला तर ४.९. वायरीच्या दुसऱ्या टोकाला, कार्डावर धरला तर ४.५५. मधल्या मध्ये वायरीच खात होत्या. मग त्या डब्याच्या कोपऱ्यातला पांढरा स्क्रू आठवला. तुम्ही तो केसभर फिरवायचात आणि ‘हात लावायचा नाही’ म्हणायचात. मी हात लावला. केसभर फिरवून मीटर बघायचा, पुन्हा केसभर. कार्डावर ५.१ आलं आणि वीज गेली ती गेलीच.

वापरायला तुम्हाला नवीन काही शिकायचं नाही. असे संगणक आधी नीट बंद करावे लागतात, नाहीतर मेमरी कार्ड बिघडतं. पण दुकान बंद करताना तुम्ही भिंतीवरचा खटका खाली पाडायचात आणि शटर ओढायचात, ते मला माहीत आहे. म्हणून कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही अशी सोय केलीय. खुशाल खटका पाडा. त्याचा एक तोटा आहे, सगळ्यात जास्त गुण कुणाचे ती यादी रोज पुसली जाते. चालू करताना मात्र वीसेक सेकंद पडदा काळा राहील. मागून थोपटू नका.

आई, आता तुझ्याकडची कबुली. स्वयंपाकघरातून गॅसचा लायटर वारंवार गायब व्हायचा आणि तू कामवाल्या मावशींवर संशय घ्यायचीस. तो मीच न्यायचे. रुपया टाकायच्या फटीजवळ लायटर खटकन दाबला की ठिणगीनं मशीनला वाटायचं, रुपया पडला. गल्लीतल्या सगळ्या पोरांना हे माहीत होतं. रात्री तू दहा-दहा रुपयांच्या चळती लावायचीस आणि बाबा म्हणायचे, खेळ जास्त झालेत आणि रुपये कमी का? मी शेजारी बसून अभ्यास करायचे. आता कुणी लायटर घेऊन जवळ आलं तर मी हाकलून देईन. जुना बोर्ड दणकट होता, हा चिमुकला ठिणगीनं जायचा.

पोरांच्या आया दुकानात येऊन तुला काय काय बोलायच्या, तेही आठवतं. २००३ मध्ये बाबांनी दोन मशीनं विकून झेरॉक्सचं मशीन घेतलं तेव्हा तुला हायसं वाटलं होतं. बाबांचं तोंड मात्र आठवडाभर उतरलेलं होतं. तिसरं मशीन विकलं गेलं नाही, असं तुम्ही सांगितलंत. बाबा, ते विकायचं म्हणून कुणाला दाखवलं तरी होतं का?

तर आता मशीन तयार आहे आणि कुणालाच खेळता येत नाही. आजचा रुपया टाकला की तो सरळ घरंगळत खालच्या खळग्यात परत येतो. २०११ पासूनचा रुपया लहान आहे, २२ मिलिमीटरचा. आपली फट १९९२ च्या २५ मिलिमीटरच्या रुपयासाठी घासलेली. तपासताना मी १६ नंबरची वायर हातानं टेकवते, पण तसं खेळण्यात मजा नाही. जुने रुपये शोधले, घरात दोनच निघाले. आणि मशीन हलवलं की पैशाच्या पेटीत खळखळ वाजतं. शेवटच्या दिवसाचा गल्ला आतच राहिलेला दिसतोय. पेटीला तुमचं पितळी कुलूप आहे. कापणारा आणला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला.

आई, ती किल्ली तुझ्या शिवणाच्या डब्यात बॉबिनच्या खाली असायची, लाल लोकरीचा गोंडा बांधलेली. बघ जरा. सापडली तर कुरियरनं पाठवू नकोस. पुढच्या महिन्यात बाबांना डोळे दाखवायला येणार आहात ना, तेव्हा घेऊन या. छत्र्या तोवर काढून ठेवते.

तुमची,
धाकटी